एकट्याचा बँड: कार सीट हेडरेस्ट नक्की कधी ‘बँड’ झाला?

चारट्रॅकी

नाव बँडचं आणि आत माणूस एकच, ही इंडी रॉकमधली जुनी रीत. या चर्चेच्या धाग्यासाठी उदाहरण म्हणून कार सीट हेडरेस्ट घेतो, कारण या प्रकल्पाची जवळजवळ प्रत्येक पायरी उघड्यावर पडलेली आहे आणि आजही ऐकता येते.

थोडक्यात क्रम असा. २०१० मध्ये व्हर्जिनियातल्या लीसबर्गमध्ये विल टोलेडोने सुरुवात केली. गाताना कोणी ऐकू नये म्हणून आवाज गाडीच्या मागच्या सीटवर बसून रेकॉर्ड केला, नाव तिथूनच आलं. पहिल्या चार अल्बमना नावंही नाहीत, नुसते आकडे: १, २, ३, ४. चारही त्याच वर्षातले. २०११ मध्ये ‘ट्विन फँटसी’. २०१४ पर्यंत बँडकॅम्पवर (कलाकार स्वतःचं संगीत थेट विकतात ती साइट) डझनभर प्रकाशनं. मग सिअ‍ॅटलकडे मुक्काम, तिथे ड्रमर अँड्र्यू कॅट्झ. २०१५ मध्ये मॅटाडोर या लेबलशी, म्हणजे रेकॉर्ड कंपनीशी, करार आणि ‘टीन्स ऑफ स्टाइल’, म्हणजे जुनीच गाणी नव्याने. २०१६ मध्ये निर्माता स्टीव्ह फिस्कबरोबर ‘टीन्स ऑफ डिनायल’. २०१८ मध्ये अख्खा ‘ट्विन फँटसी’ पुन्हा. २०२० मध्ये ‘मेकिंग अ डोअर लेस ओपन’, २०२५ मध्ये ‘द स्कॉलर्स’.

माझं मत: करारावर सही झाली त्या दिवशी एकल प्रकल्प संपला. पुढचं सगळं बँडचं काम, नाव फक्त जुनं. पटत नसेल तर मांडा.

कॅसेटकिडा

असहमत. करार हा कागद आहे. टेम इम्पाला या बँडकडे पहिल्या अल्बमपासून लेबल आहे, पण अल्बममध्ये जवळपास सगळं केविन पार्कर वाजवतो आणि रंगमंचावर मात्र पाच जण असतात. २०१५ च्या ‘करंट्स’चं तर मिक्सिंगही त्यानेच केलं. त्याला बँड म्हणायचं की नाही, हे लेबल ठरवत नाही.

उगाचच

टोलेडोने चार अल्बमना आकडे दिले आणि आपण इथे एका फाइलला ‘फायनल_शेवटचं_खरंच_शेवटचं_३’ नाव देतो. फरक तिथेच आहे.

मिक्सर_मांजर

गाडीचा मुद्दा लोक गंमत म्हणून सांगतात. ध्वनीच्या दृष्टीने तो निर्णय अर्धा उत्तम आणि अर्धा वाईट आहे.

उत्तम अर्धा: सीटचा फोम, छताचं कापड आणि पायाखालचा गालिचा मिळून वरच्या पट्ट्यातला आवाज चांगला शोषतात. रिकाम्या खोलीसारखा टणटण प्रतिध्वनी येत नाही. खिडक्यांच्या काचा मात्र परतवतात, म्हणून तोंड काचेकडे नको. पुढच्या सीटच्या पाठीकडे तोंड, माइक त्या पाठीपासून वीतभर अलीकडे.

वाईट अर्धा: जागा लहान, त्यामुळे खालच्या-मधल्या पट्ट्यात घुमटी येते. आतली रुंदी १.४ मीटर धरा. आवाजाचा वेग ३४३ भागिले रुंदीची दुप्पट २.८, म्हणजे १२२ हर्ट्झच्या आसपास पहिला उंचवटा. नेमका पुरुषी आवाजाच्या मूळ सुरांच्या प्रदेशात! म्हणून काही सूर फुगतात, काही दबतात, आणि मिक्समध्ये कंप्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारी सोय) लावला की फुगलेले सूर बाकीच्यांना खाली ढकलतात. उपाय क्रमाने करा: आधी ८० ते १०० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारी गाळणी), मग १२० च्या आसपास अरुंद कट ३-४ डेसिबल, मग २५० च्या आसपास रुंद कट २ डेसिबल, आणि सगळ्यात शेवटी कंप्रेसर. क्रम उलटा केलात तर फुगवटा कायमचा भाजला जातो.

इंजिन बंद, पंखा बंद हे सांगायला नको. लॅपटॉपही मांडीवर नको. त्याच्या पंख्याचा आवाज माइक आधी पकडतो, गाणं नंतर.

निवांत_नाद

मांजरताई, भर घालतो. लॅपटॉपच्या अंगच्या माइकवर बरेचदा आपोआप गेन (माइकची पातळी) बदलणारी सोय चालू असते. ओळ संपली की ती गेन वाढवते, श्वास आणि खरखर वर येते, पुढची ओळ सुरू होताच झटक्यात खाली. या ‘धाप लागण्याला’ नंतर इलाज नाही. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी ती बंद करायची. गोंगाट कमी करणारी सोयही तिथेच बसलेली असते, ती शब्दांच्या शेवटची व्यंजनं खाते.

ओव्हरडब

एकट्याने रेकॉर्ड करताना खरी गोची वेगळीच असते आणि ती कोणी लिहीत नाही: थर साचत जातात तशी वेळेची चूक साचते.

इंटरफेस (माइक-गिटार संगणकाला जोडणारी पेटी) सॉफ्टवेअरला आपली लेटन्सी, म्हणजे लागणारा उशीर, सांगतो आणि सॉफ्टवेअर तेवढं मागे सरकवून घेतं. सांगितलेला आकडा चुकीचा असला तर प्रत्येक टेक थोडा उशिरा बसतो. समजा चूक २०० सॅम्पलची आहे. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराने ती साडेचार मिलिसेकंद, कानाला कळतही नाही. पण ड्रम ऐकून बास, मग फक्त बास ऐकून गिटार, फक्त गिटार ऐकून दुसरी गिटार, असं प्रत्येक वेळी मागचाच थर धरून वाजवलं तर ड्रमनंतरच्या पाचव्या थराला सुमारे साडेबावीस मिलिसेकंद झाले. आता गाणं ‘ओढल्यासारखं’ वाटतं आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. बँडमध्ये सगळे एकत्र वाजवतात म्हणून हे घडत नाही.

तपासायचं असं: इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल थेट इनपुटमध्ये. क्लिकचा (ठेका देणाऱ्या टिकटिकीचा) ट्रॅक वाजवा, दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही लाटा झूम करून टोकांमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. तो आकडा रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरा, पुन्हा मोजा, शून्य यायला हवा. सॅम्पल रेट बदलला की परत मोजायचं. बफर (संगणक एका वेळी उचलतो तेवढे सॅम्पल) बदलल्यावरही एकदा खात्री करावी. मोजताना स्पीकर बंद, इनपुटचं मॉनिटरिंग बंद, नाहीतर शिट्टी ठरलेली.

बफरचा हिशेबही देऊन ठेवतो, एका बाजूचा: १२८ म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, १०२४ म्हणजे २३.२. वाजवताना १२८, मिक्स करताना १०२४.

बेसवाली

आणि दर थराला क्लिक किंवा ड्रम कानात ठेवायचाच. ऑफसेट शून्य असला तरी माणसाची स्वतःची घसरण उरतेच.

कॅसेटकिडा

हा प्रश्न टेपवर नव्हता, कारण चार-ट्रॅकमध्ये ऐकणं आणि रेकॉर्ड करणं एकाच हेडवर होतं. तिथे दुसरी दुखणी.

टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ १४४ आला १९७९ मध्ये. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, वेग दुप्पट म्हणजे सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. चारही ट्रॅक एकाच दिशेने जातात, त्यामुळे कॅसेट उलटता येत नाही. सी-६० वर, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटवर, हातात मिळतात १५ मिनिटं. सी-९० घेतली तर साडेबावीस, पण तिची फीत पातळ असते, वारंवार मागेपुढे केल्यावर ताणते आणि सूर हलतो. म्हणून सी-६० च.

चार ट्रॅकमध्ये दहा भाग कसे बसवतात ते पाहा. १, २, ३ वर तीन भाग वाजवा. त्यांचं मिक्स ४ वर उतरवताना चौथा भाग सोबत थेट वाजवा. आता १, २ वर दोन भाग, ते ३ वर उतरवताना एक थेट: झाले सात. मग १ वर एक, तो २ वर उतरवताना एक थेट: नऊ. शेवटी १ वर दहावा. कुठलाही भाग एकापेक्षा जास्त वेळा उतरवलेला नाही, त्यामुळे सरसर मर्यादेत राहते.

चुकतं कुठे? एक, उतरवलेलं मिक्स परत उलगडता येत नाही. बास आणि ड्रम ४ वर गेले की त्यांचा तोल ठरला, जन्मभर. दोन, शेजारच्या ट्रॅकवर उतरवताना ट्रेबल वाढवला तर आवाज पाझरून शिट्टी धरते. तीन, आधी उतरवलेले भाग मंद होत जातात, म्हणून झांजा कधीच पहिल्या फेरीत घ्यायच्या नाहीत.

तबकडी

किडाभाऊ, दंडवत. वाचनखूण साठवली.

याच यंत्राचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंडीमधलं नाहीच: ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा ‘नेब्रास्का’. घरी १४४ वर केलेली कच्ची गाणी बँडबरोबर पुन्हा करून पाहिली, जमली नाहीत, आणि शेवटी कॅसेटच मास्टर म्हणून वापरली. म्हणजे बँड हाताशी असूनही अल्बम एकट्याचा! चारट्रॅकीच्या ‘करार म्हणजे शेवट’ला हे चांगलं उलट उदाहरण आहे.

आणि उलट दिशेचं: फू फायटर्स. ऑक्टोबर १९९४ मध्ये डेव्ह ग्रोलने सुमारे आठवड्याभरात पहिला अल्बम केला. एका गाण्यातला गिटारचा पाहुणा तुकडा सोडला तर सगळं स्वतः. १०० कॅसेट काढून वाटल्या. बँड त्यानंतर जमवला. १९९५ मध्ये अल्बम बाजारात आला तेव्हा लोकांसमोर चार जण उभे होते आणि त्यातल्या तिघांची अल्बममध्ये एक नोटही नव्हती.

हक्कसोड

कराराचा विषय निघालाच आहे तर ‘टीन्स ऑफ डिनायल’चा घोळ नीट समजून घ्या. एकट्याने घरी गाणी करणाऱ्याला सगळ्यात महाग पडणारी चूक या भागात असते.

अल्बममधल्या एका गाण्यात ‘द कार्स’ या बँडच्या प्रसिद्ध गाण्याचा अंश होता. मॅटाडोरने महिने आधी परवान्याची बोलणी केली होती. प्रकाशनाच्या तोंडावर कळलं की ज्या प्रकाशकाशी बोलणी झाली त्याला अमेरिकेपुरता परवाना पूर्ण करायचा अधिकारच नव्हता, आणि त्या गाण्याचा रचनाकार रिक ओकासेकला आपली रचना तिथे नको होती. छापून तयार असलेल्या तबकड्या आणि सीडी परत मागवून नष्ट कराव्या लागल्या. टोलेडोने गाणं घाईघाईत बदललं. डिजिटल आवृत्ती ठरल्याप्रमाणे मे २०१६ मध्ये आली, हातात धरायच्या प्रती जुलैत.

यातले हक्क दोन. एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्द, तो प्रकाशकाकडे. दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा; तो लेबलकडे. मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा उचललात तर दोन्ही परवानग्या. स्वतः वाजवून घेतलंत तर फक्त रचनेची. ‘मी स्वतः वाजवलंय, मग काय हरकत’ हा गैरसमज इथेच होतो. अमेरिकेत दुसऱ्याचं गाणं आहे तसं गायला सक्तीचा परवाना मिळतो, मालकाला नाही म्हणता येत नाही. पण ते गाणं तोडून स्वतःच्या गाण्यात विणलंत, शब्द बदललेत, की ती नवी कृती होते. तिथे मालकाचा होकार लागतो आणि ‘नाही’ हे पूर्ण उत्तर असतं.

म्हणून लेबलशी बोलण्याआधी प्रत्येक गाण्यासमोर एक तक्ता हवा: उसना अंश कोणता, कितव्या सेकंदाला, रचनाकार, प्रकाशक, परवानगी लेखी आहे का. शंभर लोक ऐकतात तोवर कोणी विचारत नाही. छपाई झाल्यावर विचारतात.

उगाचच

कार सीटला कार्सनेच अडवलं. आता पुढे कोणी काही लिहू नये.

तबकडी

लिहिणार. छपाईआधी चाचणी-प्रत मागवतात ती ऐकण्यासाठी. परवान्याचे कागद मात्र त्याच्याही आधी हातात हवेत. लाख चढवलेल्या मूळ तबकडीवर खाच कोरली की खर्च सुरू झाला असं समजायचं.

आणि लांब गाण्यांचं सांगते. १२ इंची तबकडीच्या एका बाजूला ३३ च्या वेगाने १८ ते २२ मिनिटं नीट बसतात. त्यापुढे गेलात तर खाच उथळ करावी लागते, आवाज लहान होतो, सरसर वर येते. नव्या ‘ट्विन फँटसी’त १३ मिनिटांचं एक आणि १६ मिनिटांचं एक गाणं आहे. अशी गाणी असली की बाजूंची विभागणी आधी कागदावर करावी लागते, मग गाण्यांचा क्रम. बँडकॅम्पपुरता विचार करणाऱ्याच्या डोक्यात हे येत नाही. बाजूच्या शेवटाकडे, आतल्या वर्तुळात, ‘स’ आणि ‘श’ फाटतात, म्हणून तिथे किंचाळणारं गाणं टाळावं.

निवांत_नाद

बँडकॅम्पचे आकडे कोणी दिले नाहीत म्हणून देतो. डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापतात, एका वर्षात ५,००० डॉलरच्या पुढे गेलात की १० टक्के. वस्तूंवर १० टक्के. पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं. फुकट डाउनलोड महिन्याला २००, त्यापुढच्यांचे पैसे. ‘हवं ते द्या, शून्यही चालेल’ असं ठेवलंत की हा कोटा संपतो आणि गाणं आपोआप सशुल्क दिसू लागतं, नेमकं कोणीतरी शिफारस केली त्या दिवशी. चढवायला वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक हवी, एमपीथ्री घेत नाहीत.

लेबलकडे जाताना आधीची रेकॉर्डिंग तीच राहणार असतील तर त्यांचे आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाची स्वतंत्र ओळख) तेच ठेवा. नव्याने वाजवलेल्या गाण्याला मात्र नवा क्रमांक. याची सरमिसळ झाली की जुन्या गाण्याचे श्रोते नव्यावर आणि नव्याचे पैसे भलतीकडे.

मिक्सर_मांजर

धाग्याची गाडी रुळावर आणू या. ‘ट्विन फँटसी’ची दोन रूपं हा मूळ प्रश्नावरचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. २०११ चं रूप आता ‘मिरर टु मिरर’ आणि २०१८ चं ‘फेस टु फेस’ म्हणून ओळखलं जातं. दोन्ही उपलब्ध ठेवली हे महत्त्वाचं.

पहिल्यात सगळे आवाज एकमेकांत विरघळलेले. कुठली गिटार कुठे संपते ते कळत नाही, आवाजावर विकृतीची साय. दुसऱ्यात ड्रमला जागा आहे, बास वेगळा ऐकू येतो. शेवटाकडचं एक गाणं १० मिनिटांवरून १६ वर गेलं. रचना एकाच माणसाची, पण आता ती वाजवणाऱ्यांच्या हातातून गेली आहे.

पुन्हा रेकॉर्ड करायचं असेल तर जुन्या प्रोजेक्टची स्थिती निर्णायक ठरते. सात वर्षांनी जुनं प्लगइन उघडेल याची खात्री नाही. म्हणून अल्बम संपला त्याच आठवड्यात प्रत्येक ट्रॅक पहिल्या मापापासून शेवटपर्यंत, २४ बिट वेव्हमध्ये, एकदा कोरा आणि एकदा इफेक्टसह बाहेर काढायचा. फाइलच्या नावात टेम्पो आणि पट्टी. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

बेसवाली

टेपवरून आलेल्यांनी पट्टीची काळजी घ्या. वेग ६ टक्के इकडेतिकडे झाला की जवळजवळ पूर्ण अर्धस्वर सरकतो. ३ टक्के सरकला तर गाणं दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकतं. अल्बममध्ये ते झकास वाटतं, पण की-बोर्डवाला आला की बिंग फुटतं. गायकाला झेपेल त्या बाजूला ढकलून पट्टी पक्की करा, गिटारचे ट्यूनर त्यावर लावा, आणि अल्बमशी तंतोतंत जुळवायचा हट्ट सोडा.

रंगमंचावर चार माणसं असतील तर तीस ट्रॅकचं काय करायचं, याची साधी रीत: गाणं एकदा ऐकून लगेच बंद करायचं आणि काय गुणगुणता येतंय ते लिहायचं. चार-पाच गोष्टींपेक्षा जास्त निघत नाहीत. त्या वाटून द्या. दुहेरी वाजवलेली गिटार ही रंगमंचावर एकच गिटार. दुहेरी आवाजाला मात्र दुसरा गळा लागतोच, इफेक्टने तो परिणाम येत नाही.

उरलेलं मागून वाजवायचं असेल तर दोन आउटपुटचा इंटरफेस पुरतो. डावीकडे मोनो संगीत, डीआयमधून (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी पेटी) मिक्सरकडे. उजवीकडे क्लिक, फक्त ड्रमरच्या कानात. दोन मापांची मोजणी आधी. प्रत्येक गाणं वेगळी फाइल. केबलना डावी-उजवी खूण करा. उलट्या लागल्या तर क्लिक सगळ्या सभागृहाला ऐकू जाते आणि ड्रमरला संगीत, मग मोजणी कोणी करायची?

कॅसेटकिडा

‘मागून वाजवणे’ म्हणजे एकटा माणूस अजून बँडच्या मागे लपलेलाच आहे, असं म्हणता येईल.

चारट्रॅकी

माझ्या मूळ विधानात दुरुस्ती करतो. करार ही खूण नाही, हे ‘नेब्रास्का’ने आणि टेम इम्पालाने पटलं. ‘टीन्स ऑफ डिनायल’ला स्टुडिओ, निर्माता आणि वाजवणारे आले, तरी गाणी एकाच डोक्यातून येत होती. २०२० चा अल्बम तर मधलाच प्रकार: एकदा गिटार, बास, ड्रम थेट वाजवून आणि एकदा पूर्ण मिडीवर (संगणकातल्या वाद्यांवर), अशी दोन वेळा तीच गाणी केली आणि मिक्स करताना दोन्ही एकत्र विणली. म्हणजे बँड आणि खोलीतला एकटा माणूस, दोघं एकाच अल्बममध्ये समोरासमोर.

बेसवाली

मग खूण मी सुचवते. एखादा वाजवणारा सोडून गेला तर फक्त नवा माणूस शोधावा लागतो की गाणं परत बांधावं लागतं? पहिलं असेल तर एकल प्रकल्प, कितीही जण उभे असोत. या मोजमापाने २०१८ पर्यंत एकल. ‘द स्कॉलर्स’ हा बँडचा अल्बम, कारण त्यातलं संगीत चौघांनी मिळून बांधलं. त्यात जवळपास १९ मिनिटांचं एक गाणं आहे. ते ऐका आणि सांगा, हे एका खोलीत एकट्याने सुचेल का.

कॅसेटकिडा

सुचेल. चार ट्रॅकवर बाउन्स, म्हणजे भाग उतरवणं, मात्र होणार नाही. सी-६० मध्ये १५ मिनिटंच आहेत.

उगाचच

म्हणून चौघं घेतले तर. आता मागच्या सीटवर चौघं आणि ड्रमकिट कसं बसवायचं ते सांगा.

मिक्सर_मांजर

सीट पाडून. मग १२२ वाला उंचवटा तसाच राहतो, पण लांबी वाढल्यामुळे त्याच्या खाली आणखी एक येतो. अडीच मीटर धरली तर ६९ हर्ट्झ. किक ड्रमला तेवढीच मदत.